तटाआधी मैत्री

मेरीलँडमधल्या फिरॅक्सिस कंपनीच्या ‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) मध्ये बचाव म्हणजे तट बांधणं, असं बरेच खेळाडू धरून चालतात. माझ्या मते बचावाचं पहिलं हत्यार शेजाऱ्याशी मैत्री हेच. जाहीर मैत्री झाली की साधारण वेगाच्या खेळात ३० पाळ्या तो युद्ध पुकारूच शकत नाही. तेवढ्यात तिरंदाज आणि तट दोन्ही उभे राहतात. म्हणून नवा राजा भेटेल त्याच पाळीत २५ सोनं खर्चून शिष्टमंडळ धाडावं. मागाहून त्याचं बिनसलं की तो शिष्टमंडळ स्वीकारतच नाही. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ (२०१९) या विस्तारात तर आगळीक करणाऱ्याच्या नावावर तक्रारी साठतात, त्यामुळे प्रतिहल्ल्यात आपण त्याचं शहर घेतलं तरी बाकीचे राजे फारसे बिथरत नाहीत. खेळातल्या राजांपैकी गांधींचा खास गुणही याच जातीचा: त्यांच्याशी लढणाऱ्याच्या प्रजेला युद्धाचा वीट दुप्पट येतो.

आक्षेप ठरलेला आहे: ‘डीइटी’ या सर्वांत अवघड पातळीवर संगणक तीन वसाहतकरी घेऊन सुरुवात करतो, मग मैत्रीला सवड कुठे? खरंय, तिथे सुरुवातीपासून फौज हवीच. पण तीही टेकडीवर किंवा नदीआड बसवावी. दोन पाळ्या ठाण मांडलेल्या तुकडीचं बळ ६ ने वाढतं. युद्ध सुरू झाल्यावर १० पाळ्यांनी तह करता येतो, म्हणजे तेवढं तगलं की झालं. (पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले होते, इथे बहुधा थोड्या सोन्यावर भागतं.)

तुम्हाला कोणता शेजारी जड जातो? खाली विचारा.