शेवटच्या रांगेसाठी

पॉवरपॉइंटच्या दोन जनकांपैकी डेनिस ऑस्टिन २०२३च्या सप्टेंबरात गेले. नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने कंपन्यांसाठी कोपायलट हे एआय साधन आणलं आणि एक ओळ टाइप केली की अख्खी पीपीटी हातात पडू लागली. मधल्या ऑक्टोबरात बंगळूरमध्ये बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मेट्रोचा रखडलेला तुकडाही जोडला गेला. तेव्हापर्यंत टिन फॅक्टरी चौकाच्या कोंडीत शिव्या घालणारे लोक आता डब्यात उभ्या उभ्या अंगठ्याने स्लाइड्स तयार करतात. सोय झाली, नाही कोण म्हणतं? मला ती डाचते, एवढंच.

सुरुवातीची वर्षं उरकून टाकतो. रॉबर्ट गॅस्किन्स आणि ऑस्टिन यांचं हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, तेही ओएचपीच्या काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापण्यासाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. आपल्याकडे तेव्हा मास्तर मार्करने पारदर्शिकेवर लिहायचे आणि बोटाला थुंकी लावून पुसायचे. पुढे.

खरा काळ नव्वदीच्या अखेरीपासूनचा. आयटीपीएल हे टेक पार्क नवंकोरं होतं, के. आर. पुरमचा झुलता पूल व्हायचा होता आणि मी ऑफिसात ‘पीपीटी छान करणारा पोरगा’ होतो. म्हणजे रात्री स्लाइड्स मी करायच्या आणि सकाळी त्या साहेबांनी वाचायच्या. वाचायच्याच, कारण बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचं. श्रोत्यांकडे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून, पहिल्या बुलेटपासून शेवटच्यापर्यंत. माझ्या वाट्याला सूचना येत: ‘जरा कलर टाक’, ‘हे अक्षर गिरक्या घेत येऊ दे’. टाइपरायटरचा आवाज काढून टाकला म्हणून एका साहेबांनी मला भर मीटिंगमध्ये झापलं होतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या ‘प्रेझेंटेशन स्किल्स’चं कौतुक झालं, तेव्हा मी समोसा खात होतो.

पण त्या कामात कसब होतं. प्रोजेक्टर मंद, खिडक्यांना पडदे नाहीत. म्हणून गडद निळ्यावर पिवळी अक्षरं आणि अठ्ठावीसच्या खाली टाइप नाही. फाइल १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायला हवी, म्हणून प्रत्येक चित्र ठेवायचं की नाही याचा निवाडा करावा लागे. मावलीच नाही तर ‘पॅक अँड गो’ने दोन-तीन फ्लॉप्यांत तुकडे, आणि नेमकी शेवटची फ्लॉपी करप्ट. सगळं झालं की रिकाम्या हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. तिथून वाचता आलं नाही, तर स्लाइड रद्द.

मराठीची कथा तर आणखी न्यारी. एका मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी श्रीलिपीत स्लाइड-शो केला. हॉलवरच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर बाप्पांच्या फोटोखाली रोमन अक्षरं, तिरक्या रेघा आणि डॉलरची चिन्हं उमटली. तेव्हापासून प्रत्येक ओळ चित्र म्हणून चिकटवायची सवय लागली. मग ऐनवेळी अध्यक्षांचं नाव बदललं की पुन्हा घरी पळा. युनिकोड आलं, तरी एक्सपीत जोडाक्षरं नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक टिक करावी लागे आणि त्या टिकेला विंडोजची सीडी लागे. ती सीडी कुणाकडे असायची?

त्याच काळात, १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबिया यान कोसळलं आणि आपली कल्पना चावला गेली. चौकशी मंडळाच्या अहवालात एका स्लाइडचा पंचनामा आहे. उड्डाणावेळी पंखावर आदळलेला फोम चाचणीत वापरलेल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा असू शकतो, ही बाब त्या स्लाइडच्या तळाशी, बारीक टायपात, १९२० आणि ३ घनइंच अशा दोन आकड्यांत दडली होती. गुणोत्तर वाचणाऱ्याने काढायचं. मी ते वाचलं आणि साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ‘इंटरेस्टिंग. एक स्लाइड बनव याच्यावर.’

नंतरचं सगळं सपक. २००७ला स्मार्टआर्टचे बाण आणि चक्रं आली, २००९ला प्रेझी आलं आणि पडदा गरगरू लागला, २०१३ला कॅनव्हा आलं आणि शाळेतल्या पोरांचे प्रोजेक्टसुद्धा एकाच साच्यातून निघू लागले. नुकसान मात्र दुसऱ्याच गोष्टीने केलं: ‘डेक मेल करून ठेवा.’ स्लाइड हॉलसाठी राहिली नाही, इनबॉक्ससाठी झाली. मग टाइप दहावर आला, कारण मेल वाचणाऱ्याला शेवटची रांग नसते. आणि जे कुणी बघणार नाही, ते यंत्राने केलं तर बिघडलं कुठे, असं आता मला तोंडावर विचारतात.

मध्यंतरी एका बैठकीत तिसऱ्याच स्लाइडवर मी विचारलं, हा आकडा कुठून आला? सादर करणारा मुलगा भला होता. त्याने स्लाइडकडे माझ्याइतक्याच नवलाने पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, चेक करून मेल करतो.’ संध्याकाळी मेल आला. आकडा तोच होता, फक्त त्याच्या समर्थनार्थ आणखी वीस स्लाइड्स जोडल्या होत्या.