विश्लेषण : खंडेनवमीला जुनी कट्यार घासावी का? सोन्याचांदीचे काम कशाने जाते?

खंडेनवमीला घरोघरची जुनी शस्त्रे बाहेर निघतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, नाहीतर सरळ पॉलिश पेपर घेऊन ती घासली जातात आणि मग हळदकुंकू वाहून पूजली जातात. घिवली, तारापूर, चिंचणी अशा किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे गंज वर्षभर पाठ सोडत नाही, त्यामुळे घासण्याला जोरही जास्त. मुठीवर सोन्याचांदीचे काम असलेल्या शस्त्राचा घात नेमका इथेच होतो.

घासण्याने काय जाते?

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवलेली तलवार आठवावी. पाते युरोपीय बनावटीचे, मुल्हेरी घाटाच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगरी. ती नागपूरकर रघुजी भोसले यांची असल्याचे सांगतात ती पात्याच्या पाठीवरची सोन्याची देवनागरी अक्षरे. कोफ्तगरीत पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा कोरून त्यात सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. हा थर अगदी पातळ असतो. कोणी हौसेने पॉलिश पेपर फिरवला असता, तर गंजाबरोबर नावही गेले असते.

किनाऱ्यावर गंज जास्त का?

समुद्री वाऱ्यातील मिठाचे कण लोखंडावर बसतात, हवेतील ओल ओढून घेतात आणि गंज आतून चालू ठेवतात. वरून पुसले तरी आठवड्याभरात नारिंगी भुकटी पुन्हा दिसते ती त्यामुळेच. गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर मात्र बहुधा थांबलेला गंज असतो. त्याला हात लावण्याचे कारण नाही.

सोने गंजत नाही, पण त्याला चिकटलेले लोखंड उलट लवकर गंजते. दोन धातूंच्या मध्ये खारट किंवा आंबट ओलावा शिरला की छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजते ते लोखंड. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचे सोने फुगून सुटते. लिंबू चोळल्यावर सोने तासभर लखलखते. खालची पकड मात्र सैल होत जाते.

मग जावामध्ये लिंबू कसे चालते?

मलय-जावानी ‘क्रिस’ ही नागमोडी किंवा सरळ पात्याची कट्यार. युनेस्कोने इंडोनेशियाच्या क्रिसचा गौरव २००५ मध्ये केला. तिच्या पात्यात लोखंड आणि निकेलयुक्त धातूचे थर एकत्र ठोकलेले असतात. लिंबाचा रस आणि सोमलाचे मिश्रण लावले की लोखंड काळवंडते, निकेलचे थर पांढरे राहतात आणि नक्षी उमटते. मात्र त्याआधी मूठ, तिच्या बुडाशी असणारे सोन्याचांदीचे कडे आणि म्यान वेगळे केले जाते. सोमल विषारी आहे, हे काम तिथले जाणकारच करतात. आपल्याकडे मूठ अशी सुटत नाही. अनेक तलवारींचे पाते मुठीत लाखेने बसवलेले असते. लाख गरम पाण्याने मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते; म्हणून ‘निर्जंतुक’ करायला गेलेल्यांच्या हातात मूठ आणि पाते वेगळे येते.

सोन्याचे कण किती बोलतात याचा पुरावाही जावाचाच. १८३० मध्ये डचांनी पकडलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोची क्रिस नेदरलँड्सच्या संग्रहालयात ओळख हरवून पडली होती. चित्रकार रादेन सालेह यांच्या जुन्या टिपणात पात्यावरील नागाकृती आणि तिच्यावर पूर्वी असलेले सोने यांचे वर्णन होते. त्याच्याशी ताडून ती ओळखली गेली आणि २०२० मध्ये इंडोनेशियाला परत मिळाली.

तज्ज्ञ काय करतात?

आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे. मग भिंगाखाली सुईच्या किंवा धारदार पात्याच्या टोकाने फक्त चालू गंज टिपणे. तुटलेला तुकडा पुढे सोडवता येईल अशा अॅक्रेलिक राळेने चिकटवणे आणि शेवटी मेणाचा पातळ लेप. हरवलेल्या जागी नवे सोने चढवण्याचे ते सहसा टाळतात. सराफाकडून नवा मुलामा करून घेतला, तर जुने काम त्याखाली कायमचे झाकले जाते. चांदीचेही तसेच. काळेपणा हा चांदीचाच थर असतो. प्रत्येक पॉलिशला थोडी चांदी जाते आणि नक्षीत पांढरी पूड अडकते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. सल्ला तिथून घ्यावा.

घरी काय करता येईल?

हातमोजे घालून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. उघड्या पोलादावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. खोबरेल नको, ते चिकट होते आणि धूळ धरते. कट्यार चामडी किंवा मखमली म्यानात ठेवू नये, ते ओल धरते. म्यान बाजूला, शस्त्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या पावसाळ्यात बदलाव्या लागतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. परदेशातील नातेवाइकांकडे ती परस्पर पाठवता येत नाही.

पूजा थांबवण्याची गरज नाही. हळदकुंकू आणि फुले शस्त्राखालच्या तबकात वाहावीत, ओले कुंकू पात्यावर नको, आणि संध्याकाळी उचलताना शस्त्र कोरड्या सुती फडक्याने टिपून डब्यात ठेवावे.