संगणकाची शीतनिद्रा व तिच्यातील बिघाडाचा शोध

मिरजगावच्या शिवारात ऐन उन्हाळ्यात बेडूक सहसा दृष्टीस पडत नाहीत; परंतु मृगाचा पाऊस झाला की त्यांचा आवाज चोहोंकडे ऐकू येऊ लागतो. मातीत निश्चल पडून राहिलेला जीव जेथे थांबला होता तेथूनच पुन्हा आपला व्यवहार सुरू करतो. थंड देशांतील कित्येक प्राणी हिवाळ्यात अशीच निद्रा घेतात; तीस शीतनिद्रा म्हणतात. संगणकासही अशी निद्रा देण्याची सोय आहे व तिचे इंग्रजी नाव हायबरनेशन असे आहे.

संगणकात चालू असलेले काम मेमरीत असते, व वीज जाताच मेमरी कोरी होते. म्हणून शीतनिद्रेच्या वेळी मेमरीचे संपूर्ण चित्र डिस्कच्या ‘स्वॅप’ नावाच्या राखीव भागात लिहून ठेवतात व मग यंत्र बंद करतात. पुन्हा सुरू करताच ते चित्र मेमरीत परत येते. ज्या गावी वीज वारंवार जाते व यूपीएस काही मिनिटांचाच आधार देते, तेथे या सोयीचे मोल सांगावयास नको.

आमच्या संगणककक्षातील एका जुन्या यंत्रावर लिनक्स ही प्रणाली आहे. तिचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम जगापुढे ठेवला. एके सायंकाळी वीज गेली असता दहावीतील एका विद्यार्थ्याने, आम्ही शिकविल्याप्रमाणेच, यंत्रास शीतनिद्रेची आज्ञा दिली. तोच पडद्यावर अक्षरांच्या ओळी उमटल्या, ‘कर्नेल पॅनिक’ हे शब्द दिसले व यंत्र जागच्या जागी थिजले. दोन तास टंकलेले गुणपत्रक नाहीसे झाले. आम्ही संतापून त्या मुलास सर्वांदेखत बोल लाविला. तो मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोधास आरंभ केला. अपघातापूर्वीची नोंदवही पाहिली, तर ती मध्येच तुटलेली. कारण कोसळलेल्या कर्नेलास डिस्कवर शेवटचे शब्द लिहिताच आले नव्हते. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, तोच साक्षीदार होय. स्वॅप अपुरा पडला असेल अशी शंका आली. पण जागा कमी पडल्यास कर्नेल बहुधा नकार देऊन परत फिरतो, कोसळत नाही. तेव्हा कारण अन्यत्र होते.

कर्नेलमध्येच ‘पीएम टेस्ट’ नावाची एक परीक्षा आहे. तिच्या पाच पायऱ्या अशा: पहिलीत चालू कार्यक्रम गोठवितात, दुसरीत त्याशिवाय जोडलेली उपकरणे थांबवितात, तिसरीत यंत्राच्या फर्मवेअरला पूर्वसूचना देतात, चौथीत एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करतात, पाचवीत उरलेले मूळ घटक थांबवितात. प्रत्येक पायरीवर यंत्र सुमारे ५ सेकंद थांबून पुन्हा पूर्ववत् होते. अर्थात् आधी सर्व काम जतन करून ठेवले पाहिजे. आमचे यंत्र पहिली पायरी सुखरूप चढले, दुसरीवर कोसळले. म्हणजे दोष कोणत्या तरी उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये होता.

पण ड्रायव्हर तर अनेक! येथे गणित साहाय्यास आले. काढता येण्याजोग्यांपैकी निम्मे काढावे व परीक्षा घ्यावी. यंत्र तरले तर दोषी काढलेल्यांत आहे. कोसळले तर उरलेल्यांत. पुन्हा त्या भागाचे दोन भाग करावे. या रीतीने ६४ मधून एक दोषी केवळ ६ फेऱ्यांत सापडतो. आमच्या यंत्रात तो बिनतारी जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर निघाला. तो काढताच पाचही पायऱ्या पार पडल्या व खरी शीतनिद्राही निर्विघ्न झाली.

मग उपाय सोपा होता. निद्रेपूर्वी तो ड्रायव्हर आपोआप उतरवावा व जागृतीनंतर पुन्हा चढवावा, अशी चार ओळींची आज्ञा लिहून ठेविली. हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज नव्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर सुधारला जाणे हाच. म्हणून छायाचित्र व परीक्षांचे निकाल यांसह हा दोष तज्ज्ञांस कळविणे हेही आपले कर्तव्यच आहे.

आता मुख्य गोष्ट. दोष यंत्रात होता, मुलात नव्हता. आम्ही त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर, त्याची क्षमा मागितली. आणि बिनतारी कार्डाची शेवटची परीक्षा त्याच्याच हातून करविली. परूश्यांच्या सभेत निकदेमाने उभे राहून जी आठवण करून दिली, ती शिक्षकांस व आईबापांसही नित्य लागू आहे. यंत्राचा दोष शोधण्यास आम्ही पाच पायऱ्या धीराने चढलो. परंतु मुलास दोष देताना एकही पायरी चढलो नव्हतो. विद्यार्थीमित्रहो, यंत्र पुन्हा सुरू करता येते. दुखविलेले मन इतक्या सहज सुरू होत नाही.