सामाजिक खर्च म्हणजे सरकारी खर्च नव्हे

‘सामाजिक खर्च’ म्हटले की शाळा, दवाखाने, अनुदाने यांवर सरकार करते तो खर्च, असा अर्थ सहज घेतला जातो, आणि शब्दाची घडण पाहता तो गैरसमज स्वाभाविकही आहे. पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात मात्र उत्पादकाने स्वतः केलेला खर्च आणि बाह्य खर्च (व्यवहारात सहभागी नसलेल्यांना सोसावा लागणारा तोटा) यांच्या बेरजेला सामाजिक खर्च म्हणतात. लग्नाच्या पंगतीचा खर्च यजमान मोजतो, पण उष्ट्या पत्रावळी रस्त्यावर टाकल्या तर त्या उचलण्याचे कष्ट गल्लीच्या वाट्याला येतात. कोळशाच्या विजेचेही तसेच आहे. वीजकेंद्राजवळच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख आणि मुलांचा खोकला विजेच्या बिलात कुठेच दिसत नाही.

हा न दिसणारा खर्च करातून वसूल करावा, असा विचार अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. भारतात २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेला पैसा मिळावा हा त्याचा हेतू होता. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्याची जागा भरपाई उपकराने घेतली आणि ती रक्कम या नव्या करामुळे राज्यांना होणारा महसुली तोटा भरण्याकडे वळली. कर घेतला म्हणजे नुकसान भरून निघाले, हा समज म्हणूनच अपुरा आहे, कारण कोळसा महागला तरी राख झेलणाऱ्या वस्तीपर्यंत त्यातला पैसा पोहोचेलच, अशी तरतूद या दोन्ही उपकरांत मुळात नव्हती.