सुपातल्या खड्याचं अर्थशास्त्र

वैरागच्या पेठेत ज्वारी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतं. तळाकडचे दाणे मुठीत घेऊन हुंगायचे, एखादा दाताखाली फोडायचा, तळहातावर पसरून किडका दाणा आणि खडा शोधायचा. एवढं करूनही भाकरी कशी होईल हे कळत नाही. माल कुठून आला, किती जुना, हे दुकानदारालाच ठाऊक.

या साध्या अडचणीच्या अभ्यासाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय! जॉर्ज अकरलॉफ हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्यांचा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला, १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या निबंधात आपल्याकडची गृहिणीही आहे, तांदळात मुद्दाम मिसळलेले तांदळाच्याच रंगारूपाचे खडे निवडणारी.

समजा, चोख तूरडाळ दीडशे रुपयांना परवडते आणि लाखेची डाळ मिसळलेली शंभराला. फरक ओळखू येत नसेल, तर गिऱ्हाईक दोन्हीला सव्वाशेच देणार. त्या भावात चोख विकणाऱ्याचं भागत नाही, तो ती डाळ ठेवणंच सोडतो. मग उरते फक्त भेसळ. म्हणजे लबाडी फसलेल्या गिऱ्हाइकाला तर बुडवतेच, शेजारच्या सचोटीच्या दुकानालाही उठवते. मला हा हिशेब विलक्षण वाटतो.

वजनापुरता यावर सरकारी उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. पण डाळ लवकर शिजेल का, याचा शिक्का कुठल्याच खात्याकडे नाही. तिथे दुकानदाराचा शब्दच चालतो. “ही नका नेऊ मावशी, लवकर शिजत नाही. परवा नवी येतीय, तवा न्या.” एवढं बोलून त्यानं हातातली विक्री घालवली. पण फक्त त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट त्यानं सांगून टाकली आणि मावशींना ती फुकट मिळाली. पुढच्या खेपेला त्या स्वतः येतही नाहीत, दहा वर्षांच्या नातवाच्या हाती चिठ्ठी देतात. ज्याला मालातलं काही कळत नाही, घासाघीस जमत नाही, असं पोर निर्धास्त पाठवावं असं दुकान! जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी हे विकत मिळायचं नाही.

याची दुसरी बाजू मला त्याहून नवलाची वाटते. माल घरी गेल्यावर पारडं फिरतं. आता दुकानदाराला काही ठाऊक नसतं आणि मावशींना सगळं ठाऊक असतं. पीठ चिकट झालं का, भाकरी थापताना चिरली का, डाळीला किती शिट्ट्या लागल्या. चांगला दुकानदार चिठ्ठी वाचता वाचता नातवाला विचारतो, “मागची ज्वारी कशी निघाली, काय म्हणाली आजी?” आपण याला गोड बोलणं समजतो. खरं तर त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची माहिती त्या क्षणी गल्ल्यापाशी येत असते. पन्नास घरांतल्या पन्नास चुलींवर त्याच्या मालाची परीक्षा होते आणि विचारणाऱ्यालाच तिचा निकाल कळतो. ज्यानं कधी फसवलं, त्याला हे कोणी सांगत बसत नाही, लोक मुकाट दुसरं दुकान धरतात.

म्हणूनच बार्शीच्या आडतीवर खरेदीला उभं राहिल्यावर, कुणाचा माल उचलायचा आणि कुणाचा भाव पाडून मिळाला तरी सोडायचा, हे चांगल्या दुकानदाराला आधीच माहीत असतं.