‘होईल रे’ आणि ‘थांब गं’

तुमच्या दोघांतला ‘होईल रे’ कोण आणि ‘थांब गं’ कोण, हे पत्रिकेत लिहिलेलं नसतं. वर्षभर एका घरात राहूनही नीट कळेलच असं नाही, कारण घरात प्रत्येकाचा आपापला कोपरा असतो. परदेशात जा, भाड्याची गाडी घ्या आणि पहिले शंभर किलोमीटर चालवा. सगळं कळतं.

टूर कंपनीबरोबर गेलात तर भांडायला टूर मॅनेजर असतो. जेवण उशिरा आलं, बस चुकली, सगळं त्याच्या डोक्यावर. भाड्याच्या गाडीत मात्र तुम्ही दोघंच, एक मोबाईल, न वाचता येणाऱ्या पाट्या आणि कार्डावर अडकवून ठेवलेलं डिपॉझिट. खापर फोडायला शेजारच्या सीटशिवाय डोकं नाही.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं मागे जॉर्जियाला जाऊन आलं. अमेरिकेतलं नव्हे, कॉकेशस पर्वतातलं. नावं सांगत नाही, तीच त्यांची अट आहे. ती म्हशाकडची. हो, तेच मुरबाड तालुक्यातलं, पौष पौर्णिमेच्या यात्रेचं म्हसा. वडिलांची भेंडीची शेती, घरचा पिकअप. कॉलेजच्या सुट्टीत पहाटे भेंडी भरून कल्याणच्या मार्केटला न्यायची, तिथं तिचा हात बसला. तो डोंबिवलीचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेला, रिव्हर्स घेताना गाण्याचा आवाज कमी करणारा. तिचं पालुपद ‘होईल रे’, त्याचं ‘थांब गं’.

निघण्याआधीची सगळी कागदं त्यानंच केली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, दोघांचाही काढला. तुमचा विचार असेल तर हे काम आधी करा. मूळ लायसन्स चालू असलं की आरटीओकडून मिळतो, ‘परिवहन’च्या वेबसाइटवरून अर्ज करता येतो, फी १,००० रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. जपानसारख्या देशात तो नसेल तर गाडीची किल्लीच हातात पडत नाही. काही देशांत इंग्रजीतलं भारतीय लायसन्स चालतं, पण काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा पुस्तिका पुढं केलेली बरी.

तिबिलिसीला गाडी ताब्यात घेताना पहिली गंमत झाली. त्यानं मोबाईल काढून गाडीचे साठेक फोटो काढले. बंपर, आरसे, प्रत्येक ओरखडा, इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा. ती हसली आणि स्वतःच्या पद्धतीनं गाडीभोवती फिरली. चारही टायरांवर लाथ मारली, खाली वाकून तळ पाहिला, डिकी उघडून स्टेपनी दाबली, जॅक आणि पाना आहे का ते चाचपलं. मग काउंटरवाल्याला म्हणाली, जरा पुढं-मागं करून दाखव. आता तो हसला.

ही तपासणी तिच्या आजोबांची आहे. म्हशाच्या बाजारात बैल घ्यायचा तर आधी तोंड उघडून दात मोजायचे. आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला, त्यावर वय ठरतं. मग खूर, खांदा, शेपटी. मग चालवून बघायचं, लंगडतोय का. हेडी कितीही गोड बोलो, हे झाल्याशिवाय आजोबा पैशाच्या गोष्टीला हात घालायचे नाहीत. आपण मात्र एसी ऑफिसात बारा पानी करारावर ‘इथं, इथं आणि इथं’ म्हणत सह्या करून मोकळे होतो. खरं तर त्या दिवशी त्याचे फोटो आणि तिच्या लाथा मिळून एक पूर्ण तपासणी झाली होती. दोघांना वाटत होतं, दुसरा उगाच वेळ घालवतोय.

काउंटरवर आणखी एक प्रश्न विचारला गेला. गाडी दोघं चालवणार का? दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घालायचे दिवसाला वेगळे पैसे होते. तो ‘घालू या’ म्हणाला. ती म्हणाली, ‘कशाला? सुट्टी आहे माझी, मी झोपणार. तूच चालव. लागलंच तर होईल रे.’ पैसे वाचले म्हणून दोघंही खूश. कराराच्या दृष्टीनं ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तिथंच, कॉफी पिता पिता झाला.

जॉर्जियात रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हातात. गिअरची सवय अर्ध्या दिवसात होते. होत नाही ती इंडिकेटरची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे, तिथं डावीकडे. त्यामुळे वळायचं म्हटलं की कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागतात आणि मागचा हॉर्न मारतो. पहिल्या दिवशी हे वीसेक वेळा झालं. ती प्रत्येक वेळी खिदळली. त्याला पाचव्या वेळेनंतर ते विनोदी वाटेनासं झालं. हे लक्षात ठेवा, शेजारी बसणाऱ्याचं हसू आणि ‘अरे ट्रक, ट्रक!’ हे दोन्ही चालवणाऱ्याच्या कानात सारखंच शिरतं.

दुसऱ्या दिवशी काझबेगीचा रस्ता. तिबिलिसीहून उत्तरेला जाणारा हा जुना जॉर्जियन मिलिटरी हायवे. वाटेत झिन्वालीचं धरण, त्याच्या काठी अनानुरीचा किल्ला, पुढं गुदाउरी आणि मग ज्वारी खिंड, उंची सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सातशे मीटर चढून तिथं तुम्ही गाडी चालवता. रशियाकडे जाणारा हाच मुख्य जमीनमार्ग, त्यामुळे मालाच्या ट्रकांची रांग. हिमकड्यांपासून वाचायला बांधलेले जुने बोगदे, काही ठिकाणी आत मिट्ट काळोख. आणि रस्त्यावर गायी! निवांत, मधोमध, रवंथ करत. त्या बघून तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तो घामाघूम.

माळशेज घाट पावसाळ्यात चालवलेल्यांना त्याची अवस्था कळेल. एका ट्रकमागे तो पाऊण तास अडकला. ओव्हरटेकची हिंमत होईना, मागचे हॉर्न थांबेनात. शेवटी खिंडीच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि काही न बोलता खाली उतरला. ती गाडीला पुढून वळसा घालून ड्रायव्हिंग सीटवर बसली. यात भांडण अजिबात झालं नाही. मला विचाराल तर दोघांनी केलेली ती सर्वांत समजूतदार गोष्ट होती, आणि करारानुसार सर्वांत चुकीची.

खिंड उतरताना एका खड्ड्यानं घात केला. टायर फुटला. तिनं गाडी शांतपणे कडेला घेतली, चाकाला दगड लावले, जॅक काढला. स्टेपनीत हवा होती, कारण तिनं ती आदल्या दिवशी दाबून पाहिली होती. ती नट सोडवत होती आणि तो मोबाईलवर करार वाचत होता. (हे चित्र मला फार आवडतं.) वाचून झाल्यावर त्यानं सांगितलं, टायर, काचा आणि गाडीचा तळ विम्यात नाही. बहुतेक ठिकाणी तो नसतोच, जादा पैसे भरून घ्यावा लागतो. म्हणजे टायरचे पैसे जाणारच होते. मग पुढची ओळ वाचली. करारात नाव नसलेल्या माणसानं गाडी चालवली, तर विम्याचं संपूर्ण संरक्षण रद्द.

तिथं भांडण झालं. ती म्हणाली, ‘सांग की तूच चालवत होतास. कोण बघायला आलंय?’ तो म्हणाला, ‘आणि टायरच्या जागी माणूस असता तर?’ ती म्हणाली, ‘नव्हता ना?’ पुढं स्तेपानत्समिंदापर्यंत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. समोर पाच हजार मीटरहून उंच काझबेक दिसत होता, तरी फोटो नाही.

तिला खोटारडी ठरवायची घाई करू नका. तिच्या घरी गाडी ही घराची असते. ज्याचा हात मोकळा आणि ज्याच्याकडे लायसन्स, तो पिकअप काढतो. वडील, भाऊ, ती, अडीनडीला शेजारचा. आपल्याकडच्या खासगी गाडीचा विमाही साधारण याच समजुतीवर चालतो, मालकाच्या परवानगीनं वैध लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो. भाड्याची गाडी मात्र नावाची असते. ज्याचं नाव कागदावर, त्याच्यापुरतीच ती गाडी. हा फरक मुरबाडपासून डोंबिवलीपर्यंत फारसा कुणाला माहीत नसतो, आणि काउंटरवरचा माणूस तो समजावून सांगेलच असं नाही.

संध्याकाळी त्यानं कंपनीला फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. तिला न विचारता. मी त्याच्या बाजूनं आहे, पण न विचारता केलं हे मला पटलेलं नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. कंपनीनं टायरचे पैसे लावले, तिच्या लायसन्सचा आणि आयडीपीचा फोटो मागवला आणि उरलेल्या दिवसांसाठी तिचं नाव करारात घातलं. दिवसाला जे पैसे वाचवले होते ते भरावेच लागले. ती रात्री उशिरा एवढंच म्हणाली, ‘उद्यापासून घाट मी चालवणार, शहर तू.’ उरलेले चार दिवस तसंच चाललं. तिबिलिसीतल्या गल्ल्या, पार्किंगचे झोन, एकेरी रस्ते त्याच्याकडे, कारण तिथं पाट्या वाचणारा माणूस लागतो.

तुम्ही जाणार असाल तर ही वाटणी विमानात बसायच्या आधीच करा. गाडी कुणाच्या नावावर आणि कार्ड कुणाचं, हे एकच असावं लागतं. बऱ्याच कंपन्या मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट चालत नाही. चांगला चालवणारा एक आणि कार्डवाला दुसरा, अशी तुमची जोडी असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे हे हॉटेलच्या भाड्याइतकेच पक्के धरा. अपघात झाला, तर नुकसानीत तुमचा वाटा किती, तो आकडा विचारा. विमा ‘फुल’ आहे असं सांगितलं, तरी विचारा. ज्या रस्त्यांवर गाडी न्यायची नाही त्यांची यादी मागा. जॉर्जियातच तुशेतीकडे जाणारा आबानो खिंडीचा रस्ता बऱ्याच करारांत वर्ज्य असतो, आणि रील बघून नेमका तोच करावासा वाटतो. इटलीला जाणार असाल तर जुन्या शहरांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथं कॅमेरे असतात, दंड घरी परतल्यावर काही महिन्यांनी येतो. वर गाडी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे लावते.

रंगीत तालीम हवी तर गोवा आहेच. तिथं गाडी घेताना नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ‘आपलीच आहे, घेऊन जा’ म्हणून स्वस्तात देत असेल तर सोडा. काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आपल्या जोडप्याचं डिपॉझिट जवळजवळ तीन आठवड्यांनी सुटलं. त्यातून टायर वजा झाला होता, तो माहीत होता. शिवाय तिबिलिसीतला एक पार्किंगचा दंड. तारीख आणि वेळ बघितली तर गाडी त्यानं लावली होती. तिनं तो मेसेज आईला, बहिणीला आणि मला, तिघांनाही फॉरवर्ड केला.