खांद्यातील वातनाडी-संपीडन : वेदनेबरोबर बळाचीही नोंद हवी

'खांद्यातील नस दबली आहे' असे सांगत येणारे रुग्ण आपणा सर्वांच्याच चिकित्सालयांत नित्य येतात. हे निदान बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेले असते, किंवा क्ष-किरण चित्रातील 'गॅप कमी झाली' या शेऱ्यावरून रुग्णाने स्वतःच काढलेले असते. चाळिशीनंतर मानेच्या मणक्यांत झीज दिसणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. वेदना नसलेल्या व्यक्तींच्या चित्रांतही ती आढळते. म्हणून चित्राआधी रुग्ण पाहावा, हे सूत्र येथे विशेष लागू पडते.

व्याधिविनिश्चय

बाहूच्या वातनाड्या मानेतील सी-५ ते टी-१ या मुळांपासून निघतात, जत्रूखालून खांद्याकडे येतात व हातात पसरतात. या मार्गात संपीडन कोठेही होऊ शकते. मात्र सर्वाधिक रुग्णांत ते मानेतच असते आणि वेदना खांद्यात जाणवते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात विश्वाची व अवबाहुक यांचा स्वतंत्र निर्देश केला आहे. बाहूपासून अंगुलीपर्यंत जाणारी व हाताचे कर्म क्षीण करणारी विश्वाची ही मानेतील नाडीमूळ दबल्याच्या चित्राशी जुळते. अंसदेशातील बंधने शुष्क होऊन बाहू जखडणारा अवबाहुक हा गोठलेल्या खांद्याच्या जवळचा आहे. हे साम्य तंतोतंत नाही, परंतु परीक्षणास दिशा देण्यास पुरेसे आहे.

मानेत नाडीमूळ दबले असता वेदना खांद्यावरून बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात, आणि हात डोक्यावर ठेवला असता पुष्कळांना आराम वाटतो. अंगठ्याकडे बधिरता असल्यास सी-६, मध्यमा बोटाकडे सी-७ व करंगळीकडे सी-८ या मुळाचा विचार करावा. गोठलेल्या खांद्यात वैद्याने स्वतः हात फिरवला तरी तो अडतो, विशेषतः बाहेरच्या दिशेस वळविताना. बोटांत बधिरता नसते. मधुमेहींत हा विकार अधिक दिसतो. तिसरा, तुलनेने विरळ प्रकार म्हणजे फलकास्थीच्या वरील खाचेत सुप्रास्कॅप्युलर नाडी दबणे. त्यात खांद्याच्या मागे खोल ठणका असतो, हात बाजूस उचलण्याचा आरंभ व बाहेर वळविणे दुर्बळ होते, आणि कालांतराने फलकास्थीवरील मांस खंगून खळगा दिसतो.

बळाची नोंद

या लेखाचा मुख्य आग्रह येथे आहे. वेदना कमी होणे व नाडी मोकळी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवणकाम करणारे ५२ वर्षांचे एक गृहस्थ दोन महिने दुकानातून गुग्गुळाच्या गोळ्या व तेल घेत होते. वेदना निम्म्याने उतरली म्हणून ते समाधानी होते. 'दार ढकलताना कोपर दुमडते' एवढीच त्यांची तक्रार होती. परीक्षणात ट्रायसेप्सचे बळ पाचपैकी तीन होते व कोपराचे प्रतिक्षिप्त लुप्त झाले होते. आम्ही त्यांना त्याच दिवशी शल्यतज्ज्ञांकडे पाठविले. एमआरआय चित्रात सहाव्या व सातव्या मणक्यांमधील चकती नाडीमुळावर आलेली दिसली व शस्त्रकर्म करावे लागले. बळ बहुतांशी परतले, परंतु त्यास वर्ष लागले.

म्हणून प्रत्येक भेटीत चार कर्मे तपासून ० ते ५ या मापाने लिहून ठेवावीत : बाहू बाजूस उचलणे (सी-५), कोपर वाकविणे व मनगट वर उचलणे (सी-६), कोपर सरळ करणे (सी-७) आणि मूठ आवळणे (सी-८). दोन्ही बाजूंची तुलना करावी. यास तीन मिनिटेही लागत नाहीत.

त्वरित पाठविण्याचे रुग्ण

बळ उतरत चालले असल्यास. चालताना तोल जाणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे किंवा मूत्रप्रवृत्तीत बिघाड असल्यास (मज्जारज्जूच दबत असल्याची शंका). ज्वर, वजनातील घट वा रात्री न थांबणारी वेदना असल्यास. धूम्रपान करणाऱ्याच्या बाहूच्या आतील बाजूस वेदना असून पापणी उतरली असल्यास. आणि श्रमाने वाढणाऱ्या डाव्या बाहूच्या वेदनेसह घाम वा छातीत दडपण असल्यास विलंब करू नये.

चिकित्सेचे पर्याय

बळ टिकून असलेल्या रुग्णांत मानेतील नाडीमूळ-संपीडन बहुधा ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रकर्माशिवाय शमते. हा व्याधीचा स्वाभाविक क्रम आहे. म्हणून प्रत्येक उपशमाचे श्रेय केवळ कल्पास देणे उचित नव्हे. या काळात वेदना सुसह्य करणे व बळ राखणे हे आपले कार्य.

वाग्भटाचार्यांनी अवबाहुकात नस्य व भोजनोत्तर स्नेहपान सांगितले आहे. निराम अवस्थेत आम्ही क्षीरबला तैलाचे नस्य, माष किंवा महानारायण तैलाचा मृदू अभ्यंग, ग्रीवाबस्ती व पोटात दशमूल क्वाथासह त्रयोदशांग गुग्गुळ अशी योजना करतो. साम लक्षणे असल्यास प्रथम रूक्ष स्वेद व पाचन द्यावे. नस्य देताना मान मागे लोंबकळू देऊ नये, कारण त्या स्थितीत नाडीमुळाचा मार्ग अधिक अरुंद होतो. मानेखाली आधार देऊन मस्तक किंचितच झुकवावे. बधिर त्वचेवर पोट्टली-स्वेद करताना उष्णता वैद्याने आपल्या हातावर आधी पाहावी, कारण रुग्णास भाजल्याचे कळत नाही. मानेस झटका देणे सर्वथा वर्ज्य.

याच्या जोडीने भौतिकोपचार-तज्ज्ञांकडून व्यायाम शिकवावेत. वेदना असह्य असल्यास वेदनाशामक औषधे व निवडक रुग्णांत स्टिरॉइडचे इंजेक्शन हे पर्याय आधुनिक तज्ज्ञांकडे आहेत. आठवडे उलटूनही वेदना न हटल्यास किंवा बळ घटत असल्यास शस्त्रकर्माचा विचार होतो. रुग्णास हे सर्व पर्याय प्रारंभीच सांगावेत.

औषधविक्रेत्यांस विनंती

'नस दबली, काहीतरी द्या' असे म्हणणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हातातील वस्तू निसटते का? आणि चालताना तोल जातो का? एकाचेही उत्तर 'होय' असल्यास गोळी न देता वैद्याकडे पाठवावे. कुचला, वत्सनाभ, पारद इत्यादी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी. आसव-अरिष्टांत गूळ वा साखर असते, हे मधुमेहींस सांगावे. प्रोप्रॅनोलॉल वा डिल्टियाझेम घेणाऱ्यांत गुग्गुळामुळे त्या औषधांचे शोषण घटू शकते. अशांना विचारल्याविना गुग्गुळ देऊ नये. डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक रुग्ण परस्पर घेत असल्यास जठर व वृक्क यांवरील परिणामांची जाणीव द्यावी.

वेदना रुग्ण स्वतः सांगतो. बळाचा ऱ्हास मात्र वैद्यालाच शोधावा लागतो. रुग्णपत्रिकेत बळाचा एक रकाना वाढविला, तर पुष्कळ हात वेळीच वाचतील, असा आमचा विश्वास आहे.